मदत हवी आहे : ई-ट्विनिंगच्या नोंदणीत भारत सापडत नाही, पोलंडच्या शाळेशी तास कसा जोडावा?

खडूफळा
नमस्कार. पोलंडमधील एका शिक्षिकेने मला ई-ट्विनिंग या शाळांना ऑनलाइन जोडणाऱ्या युरोपीय मंचावर नोंदणी करून त्यांच्या प्रकल्पात सामील व्हायला सांगितले आहे. दोन दिवस खटपट करतो आहे. नाव, शाळा, ईमेल सगळे भरून होते, पण देशांच्या यादीत भारतच नाही. पहिला ऑनलाइन तास सोमवारी, 30 मार्चला ठरला आहे, मुलांना सांगून बसलो आहे आणि ती रोज विचारतात. ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनीच कृपया नेमका मार्ग सांगावा. अशा उपक्रमांचे महत्त्व मला पटलेले आहे, त्यामुळे त्यावर कोणी वेळ घालवू नये.

करवीरकर
सर, शाळा जिल्हा परिषदेची की खाजगी अनुदानित? इयत्ता कोणती, माध्यम कोणते, आणि प्रकल्पाचा विषय काय? एवढे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

शिक्षणयात्री
पोलंडच्या मागे लागण्यापेक्षा आपण फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीचा विचार का करत नाही? माध्यमिक शिक्षकांसाठी अमेरिकेत सहा आठवड्यांचा कार्यक्रम असतो, त्याचे काम भारतात युसिफ (USIEF) ही भारत-अमेरिका शैक्षणिक संस्था पाहते. वय पस्तिशीच्या आत आणि अध्यापनाचा अनुभव पाच वर्षांचा असेल तर जपान सरकारची शिक्षक-प्रशिक्षण शिष्यवृत्तीही आहे. ती साधारण दीड वर्षाची असते आणि अर्ज दूतावासामार्फत होतो. डिसले गुरुजींचे उदाहरण समोर आहेच. परितेवाडीसारख्या छोट्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाला 2020 साली 10 लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटली.

जुगाडू गुरुजी
एवढा विचार कशाला? यादीतला कोणताही देश निवडा आणि पुढे जा. काम झाल्याशी मतलब.

सह्याद्रीची शिक्षिका
जुगाडू सर, हा सल्ला कृपया देऊ नका. तिकडे प्रत्येक नोंदणी त्या त्या देशाचे राष्ट्रीय कार्यालय तपासते. खोटा देश लिहिला तर आपले खाते बंद होईलच, शिवाय बोलावणाऱ्या शिक्षिकेलाही खुलासा द्यावा लागेल.

खडूफळा सर, आपले काही चुकलेले नाही. ई-ट्विनिंग 2005 साली युरोपातील शाळांसाठी सुरू झाले. पुढे काही शेजारी देश त्यात आले, पण भारत त्यात नाही. त्यामुळे यादीत तो दिसणारच नाही. आपल्या पोलिश सहकाऱ्यांना बहुधा याची कल्पना नसावी. नोंदणीचा नाद सोडून त्यांना सरळ कळवा की प्रकल्प दोन शाळांमध्ये थेट करू.

निवृत्त केंद्रप्रमुख
पाचवीच्या मुलांना मराठीचा परिच्छेद धड वाचता येत नाही आणि आपण पोलंडला निघालो. आधी पाया पक्का करावा, हे माझे 34 वर्षांच्या नोकरीनंतरचे मत आहे.

खडूफळा
साहेब, पाया आणि पोलंड एकाच वेळी चालू शकतात. माझ्या वर्गातील जी मुले दोन ओळींच्या पुढे लिहीत नव्हती, त्यांनी या निमित्ताने आजी-आजोबांच्या मुलाखती घेऊन वहीची दोन-दोन पाने भरली आहेत.

करवीरकर, शाळा जिल्हा परिषदेची, करवीर तालुक्यातील, मराठी माध्यमाची. इयत्ता सातवी, पट 31. विषय कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील पोलिश छावणी हा आहे. तो सांगायचा राहून गेला, कारण आमच्याकडे तो सर्वांना ठाऊक असतो. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यातही बहुतांश स्त्रिया आणि मुले, येथे राहत होते. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. तिकडच्या वर्गातील एका मुलाची पणजी या छावणीत वाढली. इकडे माझ्या वर्गातील एका मुलीचे पणजोबा छावणीत दूध घालत. त्यांची पत्र्याची किटली त्या घरात अजून आहे. झाकणाची कडी तुटली म्हणून तिथे तार गुंडाळलेली आहे. ती किटली कॅमेऱ्यासमोर धरायची, एवढाच पहिल्या तासाचा बेत आहे.

करवीरकर
हे आधी सांगितले असते तर निम्मी उत्तरे वेगळी आली असती! या विषयाला सरकारी पाठबळही मिळू शकेल. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सामधील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, त्याच दौऱ्यात पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या नवानगरच्या जामसाहेबांच्या नावाने युवक आदानप्रदान कार्यक्रम जाहीर झाला.

सह्याद्रीची शिक्षिका
त्या कार्यक्रमात दरवर्षी 20 पोलिश तरुणांनी भारतात यायचे आहे. सातवीच्या ऑनलाइन तासाला त्याचा सध्या उपयोग नाही.

नियमबोट
परदेशी शाळेकडून देणगी येणार असेल तर विदेशी अंशदान कायदा 2010 लागू होतो, हे ध्यानात ठेवावे. विनापरवाना एक रुपयाही घेता येत नाही.

खडूफळा
पैशाचा विषय कोणी काढला?

पुणेरी पंतोजी
मी आयअर्न (iEARN) हे देशोदेशीच्या शाळांना जोडणारे जाळे सुचवेन. ते 1988 पासून चालू आहे आणि त्याचे भारतातील केंद्र पुण्यात आहे. लर्निंग सर्कलमध्ये वेगवेगळ्या देशांतील मोजके वर्ग एकत्र काम करतात आणि संयोजक असल्यामुळे समोरची शाळा मध्येच गायब होत नाही. स्वतंत्रपणे जोडलेल्या शाळा दोन तासांनंतर थंडावतात, हे मी तीनदा पाहिले आहे.

सह्याद्रीची शिक्षिका
ज्यांना जोडीदार शोधायचा आहे त्यांच्यासाठी आयअर्न उत्तमच आहे. या सरांना तो मिळालेला आहे, तोही पणजीच्या नात्याने. तो सोडून पुन्हा रांगेत का उभे राहावे?

सर, खरी अडचण मला वेळेची दिसते. तास किती वाजता ठरला आहे, आणि आपली शाळा सकाळची झाली आहे का?

खडूफळा
त्यांच्या सकाळी 8 वाजता, म्हणजे आपल्या 12:30 ला. शाळा 15 मार्चपासून सकाळची आहे, 11:30 ला सुटते. मुलांना तासभर थांबवून घेणार आहे आणि पोषण आहार त्या वेळेत उरकणार आहे.

सह्याद्रीची शिक्षिका
थांबा. 29 मार्चच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास पुढे जातात आणि साडेचार तासांचा फरक साडेतीनवर येतो. सोमवारी त्यांचे 8 म्हणजे आपले 11:30. आपण 12:30 ला बसलात तर तिकडचा 45 मिनिटांचा तास संपून गेलेला असेल. आमची फजिती उलट्या बाजूने झाली होती. दिवाळीच्या सुट्टीआधी वेळ ठरवली आणि सुट्टीनंतर एक तास आधीच कॅमेऱ्यासमोर बसलो. पडद्यावर काहीच नाही. शेवटी मुलांनी डबे उघडले, आणि समोरचा वर्ग जोडला गेला तेव्हा त्यांना पहिले दर्शन झाले ते चपातीचा घास तोंडात असलेल्या 28 मुलांचे.

आणखी दोन गोष्टी. मुख्याध्यापकांच्या सहीने केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना लेखी कळवून पोच घ्या. तोंडी परवानगी नंतर कोणाला आठवत नाही. मुलांचे चेहरे आणि नावे परदेशी पडद्यावर जाणार, म्हणून पालकांच्या सह्या घ्या. पोलिश शाळाही त्या मागेल, कारण तिकडे 2018 पासून याचे नियम फार कडक आहेत. पुढचा तास लगेच त्याच आठवड्यात ठरवू नका. 5 एप्रिलला ईस्टर आहे आणि त्यांच्या शाळांना सुट्टी असेल.

निवृत्त केंद्रप्रमुख
पत्राचा मसुदा मी लिहून देतो. माझ्या टेबलावर असे पत्र आले असते तर काय पाहिले असते, ते मला ठाऊक आहे. विषय इतिहासाचा आहे, तर तसे ठळक लिहा. नुसते 'ऑनलाइन उपक्रम' लिहिल्यास कागद बाजूला पडतो.

खडूफळा
आभारी आहे, साहेब. मॅडम, आपण घड्याळाचे सांगितले नसते तर सोमवारी तोंड दाखवायला जागा उरली नसती. शिक्षिकेचे उत्तर आले आहे : भारत यादीत नाही हे त्यांनाही आजच कळले, थेट करायला त्या तयार आहेत, आणि आपल्या 11:30 ची वेळ पक्की झाली. घंटा आणि तास एकाच मिनिटाला आहेत, तेव्हा घंटा त्या दिवशी उशिरा देऊ. पालकांच्या 31 पैकी 26 सह्या आल्या आहेत. किटलीवाल्या घरची अजून यायची आहे, आज संध्याकाळी जाऊन येतो.

शिक्षणयात्री
फुलब्राइटचे मात्र मनावर घ्या.