कौन्सिल टॅक्स: एका भिंतीची दोन घरं, आमचा बँड ई आणि शेजारच्या आजींचा डी. अर्ज करू का?

वाईची_लेक

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात राहणाऱ्या आणि या भानगडीतून गेलेल्या कुणाचा तरी सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहिते.

आम्ही रेडिंगच्या बाजूला एका लहान गावात राहतो. १९६० च्या दशकातलं तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर, ऑक्टोबर २०१८ मध्ये घेतलं. आमची आणि शेजारच्या आजींची मधली भिंत एकच. आतली रचना आरशात पाहिल्यासारखी, त्यांचा जिना डावीकडे तर आमचा उजवीकडे, एवढाच फरक. आजी ८३ वर्षांच्या आहेत, एकट्या असतात. त्यांना बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून त्यांची पत्रं मी वाचून दाखवते. गेल्या आठवड्यात एप्रिलपासूनचं नवीन कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल वाचलं. आकडा १,६८७ पाउंड. आमचं २,७५०. एकटं राहणाऱ्याला २५ टक्के सूट मिळते हे ठाऊक होतं, त्यामुळे आधी काही वाटलं नाही. मग वर नजर गेली, तर बँड, म्हणजे घराच्या किमतीनुसार लागणारा कराचा गट, डी. आमचा ई. सूट धरली नाही तरी त्यांचं बिल २,२५० होतं, म्हणजे वर्षाला ५०० पाउंडांचा फरक.

घरी येऊन सरकारी साइटवर पोस्टकोड टाकून पाहिलं. आमच्या ओळीत एकाच नकाशाची १४ घरं आहेत. त्यांतली १२ डी मध्ये आहेत. ई मध्ये फक्त दोन, एक आम्ही आणि दुसरं कोपऱ्यावरचं. पण कोपऱ्यावरच्यांनी बाजूला दुमजली वाढीव बांधकाम केलेलं आहे. आमच्या घरात काहीच वाढवलेलं नाही, ना आम्ही, ना आधीच्या मालकांनी. साधा पोर्चसुद्धा नाही.

आता प्रश्न:

सात वर्षं उलटून गेल्यावर बँड बदलून मागता येतो का? बदलला तर जास्तीचे भरलेले पैसे कधीपासूनचे परत मिळतात?

आणि ज्यामुळे झोप लागत नाहीये ते हे. आजींनी मागच्या बाजूला काचेची खोली बांधली आहे, दहाएक वर्षांपूर्वी. मी अर्जात त्यांच्या घराचा पत्ता दिला आणि तपासणीत त्यांचाच बँड वाढला तर? पेन्शनवर घर चालतं त्यांचं. विश्वासाने माझ्या हातात कागद दिला आणि त्याच कागदावरून त्यांचं बिल वाढलं, तर मी त्यांना तोंड कसं दाखवू? नवरा म्हणतो सोडून दे. पण ५०० पाउंड आमच्यासाठी लहान रक्कम नाही.

त्यातच एका कंपनीचा फोन आला. 'आम्ही सगळं करून देतो, मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा आमचा.' त्यांना हो म्हणू का?

आगाऊ धन्यवाद.

टेम्सकाठचा_गणू

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही म्हणा. अर्ज फुकट असतो, फॉर्म ऑनलाइन आहे आणि पुरावे तुम्हालाच गोळा करायचे आहेत. कंपनी तुमचेच कागद पुढे पाठवून हजार पाउंड खिशात घालेल.

दुसरं, कौन्सिलला फोन करण्यात वेळ घालवू नका. कौन्सिल फक्त बिल काढते आणि पैसे घेते. इंग्लंड आणि वेल्समध्ये बँड ठरवणं हे महसूल खात्याच्या व्हॅल्युएशन ऑफिसचं काम.

हॅरोचे_अप्पा

मी या देशात १९८८ पासून आहे, त्यामुळे पोल टॅक्स, म्हणजे माणशी कर, गेला आणि कौन्सिल टॅक्स आला तो काळ पाहिलेला आहे. १ एप्रिल १९९३ ला हा कर सुरू झाला. त्याआधी देशातल्या प्रत्येक घराची किंमत ठरवायची होती, आणि तीही थोड्या महिन्यांत. खाजगी इस्टेट एजंट लोकांनाही कामाला लावलं होतं. पुष्कळशी घरं बाहेरूनच, गाडीतून जाता जाता पाहून ठरवली गेली. त्या घाईत एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन अक्षरं लागली असतील तर नवल नाही.

मुद्दा नीट लक्षात घ्या. इंग्लंडात बँड आजच्या किमतीवर नसतो. १ एप्रिल १९९१ ला ते घर कितीला विकलं गेलं असतं, त्यावर असतो, आणि आजही तीच तारीख धरतात. ६८,००० च्या वर ते ८८,००० पाउंडांपर्यंत डी, ८८,००० च्या वर ते १,२०,००० पर्यंत ई. म्हणून 'आमचं घर आज अमुक लाखाचं आहे' हा युक्तिवाद तिथे चालत नाही. तुमच्या घराची १९९१ ची किंमत ८८,००० च्या आत होती, एवढंच तुम्हाला दाखवायचं आहे.

पैशांचा हिशेब सोपा आहे. डी ला ९ भाग धरले तर ई ला ११ भाग. म्हणजे आजवर भरलेल्या प्रत्येक बिलातले अकरांपैकी दोन भाग जादा गेले. सगळी बिलं जपून ठेवली आहेत का?

वाईची_लेक

अप्पा, बिलं सगळी आहेत. वडील वाईला घरपट्टीच्या पावत्या वर्षावार फाइलला लावायचे, ती सवय मलाही लागली. आत्ताच बेरीज केली. मार्च अखेरपर्यंत १७,७१० पाउंड भरलेत. अकरांपैकी दोन भाग म्हणजे ३,२२०. आकडा पाहून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

स्विंडनची_स्मिता

उत्साहावर पाणी टाकायचं नाहीये, पण माझा अनुभव सांगायलाच हवा. आम्ही बँड सी वरून बी करून मागितला होता, आणि उलट डी झाला. आमच्या आधीच्या मालकांनी पोटमाळ्यावर दोन खोल्या काढल्या होत्या, हे आम्ही गृहीतच धरलं नव्हतं. मागची थकबाकी मागितली नाही, पण तेव्हापासून दरवर्षी जास्त भरतोय. तेव्हा अर्ज करण्याआधी घराचा जुना इतिहास बघा. घर घेतानाचा सर्व्हे रिपोर्ट काढा. कौन्सिलच्या प्लॅनिंगच्या साइटवर तुमचा पत्ता टाकून जुन्या परवानग्या शोधा. गॅरेजची खोली केली, स्वयंपाकघर मागे सरकवलं, असलं काही निघालं तर थांबा.

टेम्सकाठचा_गणू

स्मिताताईंचा सल्ला शंभर टक्के खरा. आणि ताई, आजींच्या काचेच्या खोलीची काळजी नको. मालकाने स्वतः राहत्या घरात भर घातली तर घर विकेपर्यंत त्यामुळे बँड वाढत नाही. घर विकलं गेलं की मग नवीन मालकाच्या वेळी तपासणी होऊ शकते. स्मिताताईंच्या घराचं तेच झालं. कोपऱ्यावरचं घर ई का, याचंही उत्तर बहुधा हेच असेल. बांधकामानंतर ते कधीतरी विकलं गेलं असणार.

फक्त हेही खरं की शेजाऱ्याचा मुळातला बँडच चुकीने कमी लागला असेल, तर तुमच्या अर्जामुळे तो उघडकीस येऊ शकतो. पण १४ पैकी १२ घरं डी असताना ती बाराही चुकली आणि तुमचं एकटंच बरोबर, असं होणं अवघड आहे.

डोंबिवली_टू_डर्बी

मी सोपी युक्ती सांगतो. घराची २०१८ ची किंमत घ्या, बिल्डिंग सोसायटीच्या (घरकर्ज देणाऱ्या संस्थेच्या) हाउस प्राइस कॅलक्युलेटरमध्ये टाका, १९९१ ची तिमाही निवडा. लगेच जुनी किंमत मिळते. त्याचा स्क्रीनशॉट जोडा, झालं.

हॅरोचे_अप्पा

दादा, स्वतःच्या अंदाजासाठी ते ठीक आहे, मीही करून पाहतो. पण पुरावा म्हणून ते चालत नाही. असले निर्देशांक आणि सरासरी किमती ग्राह्य धरत नाही, असं व्हॅल्युएशन ऑफिसच्या सूचनांतच लिहिलेलं आहे. दोनच गोष्टी चालतात. एक, जवळपासची, त्याच वयाची, त्याच आकाराची, त्याच धाटणीची घरं जी खालच्या बँडमध्ये आहेत. पाचपर्यंत पत्ते द्या. दोन, त्या काळात प्रत्यक्ष झालेले विक्रीव्यवहार. इंग्लंडसाठी १ एप्रिल १९८९ ते ३१ मार्च १९९३ या दरम्यानचे. अडचण अशी की लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे घरांच्या सरकारी नोंदणी कचेरीच्या, ऑनलाइन किमती १९९५ पासूनच्याच आहेत. जुनी किंमत हवी तर जुन्या माणसाकडेच जावं लागतं.

वेळेचंही सांगतो. घरात राहायला आल्यापासून सहा महिन्यांच्या आत असाल तर बँडला रीतसर आव्हान देण्याचा हक्क असतो, आणि निकाल पटला नाही तर तीन महिन्यांत व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे जाता येतं, तेही फुकट. तुमचे सहा महिने केव्हाच संपले. आता 'बँडचा फेरविचार करा' अशी विनंती करायची. सबळ पुरावा असेल तरच ते हातात घेतात, आणि नाही म्हणाले तर पुढे ट्रिब्युनलची वाट नसते. म्हणून पहिल्याच अर्जात सगळं नीट मांडा. 'शेजारी कमी भरतात, हा अन्याय आहे' असलं वाक्य लिहू नका. त्याने काहीही सिद्ध होत नाही.

बँड मुळापासूनच चुकला होता असं ठरलं, तर तुम्हाला परतावा तुम्ही तिथे कर भरू लागल्यापासूनचा मिळतो. तो कौन्सिल देते.

भाडेकरू_३६५

मध्येच विचारतो, माफ करा. मी भाड्याने राहतो. मलाही करता येतं का?

टेम्सकाठचा_गणू

कौन्सिल टॅक्सचं बिल तुमच्या नावाने येत असेल तर हो. परतावाही ज्याने भरला त्याला.

कार्डिफकर

वेल्समधल्या वाचकांसाठी: इथे १९९१ नाही, १ एप्रिल २००३ ची किंमत धरतात आणि बँडही आयपर्यंत आहेत. इंग्लंडचे आकडे इथे लावू नका.

लीथची_ललिता

आणि स्कॉटलंडमध्ये व्हॅल्युएशन ऑफिस नसतंच. तुमच्या भागाच्या असेसरकडे, म्हणजे बँड ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं. वर्ष १९९१ चंच, पण बँडच्या मर्यादा वेगळ्या.

वाईची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय, कारण आधी घराचा इतिहास तपासला. सर्व्हे रिपोर्टमध्ये 'मूळ रचनेत बदल नाही' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. प्लॅनिंगच्या साइटवर आमच्या पत्त्यावर एकच नोंद सापडली, झाड छाटायची. बँडच्या सरकारी यादीत आमच्या घरापुढे सुधारणेची, म्हणजे वाढीव बांधकामाची, खूणही नाही.

मग अप्पांचं 'जुन्या माणसाकडे' हे वाक्य डोक्यात राहिलं. नवरा म्हणाला, आजींना न सांगता काही करू नकोस, मग मीही सोडून दे म्हणणार नाही. म्हणून रविवारी चहाच्या वेळी गेले आणि सगळं खरं सांगून टाकलं. त्यांचं बिल पाहूनच मला हे कळलं, तेही सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, 'वरच्या कपाटातला निळा डबा काढ.' डब्यात त्यांच्या यजमानांनी ठेवलेले घराचे सगळे मूळ कागद. आजी-आजोबांनी घर घेतलं जुलै १९९० मध्ये, ८२,००० पाउंडांना. सॉलिसिटरच्या पत्रावर तारीख आणि रक्कम दोन्ही स्वच्छ टाइप केलेली.

८२,००० म्हणजे डी च्या मर्यादेच्या आत, आणि तारीखही अप्पांनी सांगितलेल्या चार वर्षांतली. त्यांचा बँड बरोबर आहे, हे त्यांच्याच कागदावर लिहिलेलं आहे! इतके दिवस ज्याची धास्ती होती, तोच कागद आम्हा दोघींच्या उपयोगाचा निघाला. मला तिथेच रडू आलं. आजींनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, हे कागद इतकी वर्षं का जपले ते आज कळलं. फोटो काढायची परवानगीही दिली.

काल रात्री अर्ज पाठवला. पाच पत्ते, आजींचं घर पहिलं. त्यांच्या खरेदीच्या पत्राची प्रत, आमच्या सर्व्हेचं ते पान, आणि दोन्ही घरांचे समोरून काढलेले फोटो. मजकूर दहा ओळींचाच ठेवला. अर्ज मिळाल्याची पोच आणि क्रमांक आला आहे.

आता एकच शंका. निकाल येईपर्यंत एप्रिलचा हप्ता डी च्या हिशेबाने भरला तर चालेल का? तेवढाच हात मोकळा राहील.

हॅरोचे_अप्पा

नाही. ई नेच भरा. निकाल लागेपर्यंत यादीत जो बँड आहे तोच कायद्याने देणं आहे. कमी भरलंत तर कौन्सिल आधी स्मरणपत्र पाठवेल, तरीही नाही भरलं तर कोर्टाचं समन्स आणि त्याचा खर्च तुमच्या डोक्यावर. व्हॅल्युएशन ऑफिसमध्ये तुमचा अर्ज पडून आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. हप्ता जड जात असेल तर दहाऐवजी बारा महिन्यांत विभागून मागा, तो तुमचा हक्क आहे.

आणि बँड उतरला की कौन्सिल जादा रक्कम पुष्कळदा पुढच्या बिलांतच वळती करते. तुम्हाला ती बँकेत हवी असेल तर तसं लेखी कळवा. आजींच्या त्या कागदाची एक प्रत त्यांच्यासाठीही स्कॅन करून ठेवा. पस्तीस वर्षांचा कागद आहे, शाई उडते.

वाईची_लेक

केली स्कॅन. बारा महिन्यांसाठी आजच लिहिते. निकालाचं पत्र आलं की याच धाग्यावर कळवेन.