रिक्रूटिंग क्लास सहावा की नववा: या रँकिंगवर किती विसंबायचं?

कोलंबसकर
मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉलची रिक्रूटिंग रँकिंग (हायस्कूलच्या पोरांना साइटी देतात ते स्टार, आणि एका वर्षी टीमने घेतलेल्या पोरांच्या गटाचा, म्हणजे ‘क्लास’चा, क्रमांक) बघून डोकं चक्रावलंय. एकच पोरगा एका साइटवर पाच स्टार, दुसरीकडे चार. एका कमिटमुळे (पोराने ‘तुमच्याकडे येतो’ म्हटलं की) टीमचा क्लास नवव्यावरून सहाव्यावर जातो. इंडियानाचा फर्नांडो मेंडोझा हायस्कूलात कोणाच्या खिजगणतीत नव्हता, आणि 2025 ची हाइझमन (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी) घेऊन गेला. मग हे स्टार धरायचे तरी किती?

आकडेमोड
मेंडोझाचं नाव सगळेच पुढे करतात, पण हिशेब तिथेच चुकतो. 247स्पोर्ट्स ही रेटिंग साइट दरवर्षी साधारण 32 जणांनाच पाच स्टार देतं, कारण एनएफएल (व्यावसायिक लीग) ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या फेरीत 32 निवडी असतात. तीन स्टारवाले हजाराच्या वर. समजा, पाच स्टारांतले 8 जण पहिल्या फेरीत गेले आणि 1,500 तीन स्टारांतले 15. संख्येत तीन स्टारवाले पुढे दिसतात, पण प्रमाण 25 टक्के विरुद्ध 1 टक्का. बघायचं ते प्रमाण.

एकेका पोराबाबत अंदाज बऱ्याचदा चुकतो, पण शंभर पोरं एकत्र घेतली की चुका एकमेकींना खातात. म्हणून बड एलियटचा ‘ब्लू-चिप रेशो’ कामाचा. मागच्या चार हायस्कूल क्लासमध्ये चार-पाच स्टारवाले निम्म्याहून जास्त आहेत का, एवढंच तो विचारतो. 2024 च्या हंगामापर्यंत दशकाहून जास्त काळ प्रत्येक राष्ट्रीय विजेता या चाळणीतून गेला. इंडियानाने 2025 च्या हंगामात ती मोडली. मात्र त्या टीमचा कणा ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांतून, आलेला होता (मेंडोझा स्वतः कॅल, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला), आणि हा रेशो पोर्टल मोजतच नाही.

फिल्मरूम
एका पोराचं रेटिंग तपासायचं असेल तर स्टार शेवटी बघा.

आधी मापं. शाळेच्या रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीत) उंची इंच-दोन इंच फुगवलेली असते. कॅम्पमध्ये मोजलेली उंची, वजन, हाताची लांबी असेल तरच धरा. 40 यार्डाची वेळ स्टॉपवॉचवर घेतली असेल तर ती लेझरपेक्षा बरीच कमी दिसते. अ‍ॅथलेटिक्समध्ये 100 मीटरच्या स्टॉपवॉचवरच्या वेळेत 0.24 सेकंद मिळवून तुलना करतात. हाताने घेतलेला 40 यार्डाचा 4.4 ही तसाच थोडा वाढवून वाचा. पोरगा ट्रॅकवर धावत असेल तर 100 मीटरची इलेक्ट्रॉनिक वेळ सगळ्यात भरवशाची.

मग हायलाइट नाही, पूर्ण सामना बघा. हायलाइटमध्ये चुकलेला टॅकल कधीच नसतो. पुढे दोन तरबेज टीमविरुद्धचे सामने निवडा.

पोझिशनही महत्त्वाची. ऑफेन्सिव्ह लाइनवाल्याचं शरीर विशीपर्यंत बदलतं, त्यामुळे सोळाव्या वर्षीचा अंदाज कच्चा. क्वार्टरबॅकमध्ये डोकं किती झपाट्याने चालतं ते कॅम्पमध्ये, अंगावर कोणी येत नसताना, कळत नाही. किकर, पंटरला तर उत्तम असूनही सहसा तीनच्या वर स्टार देत नाहीत.

आकडेमोड
त्यात भर घालतो: ऑफरचा शिरकाव. जॉर्जिया किंवा अलाबामासारख्या बड्या टीमने स्कॉलरशिपची ऑफर दिली की कित्येकदा पोराचं रेटिंग चढतं. त्या कोचांचा निर्णय सहसा चांगला असतो, म्हणून ते अगदीच चूक नाही. पण मग ‘त्यांचे क्लास नेहमी वरच असतात’ हा स्वतंत्र पुरावा उरत नाही. रेटिंग कधी बदललं आणि ऑफर कधी आली, दोन्ही तारखा ताडून बघा.

कोलंबसकर
आणि नववा-सहावा?

फिल्मरूम
तो फरक बहुतेक वेळा पोकळ. 247च्या कंपोझिट (अनेक साइटींचे गुण एकत्र केलेल्या) टीम गुणांत सर्वांत वरच्या पोराचे पूर्ण गुण, पुढच्यांचे उतरत्या वजनाने. शेपटाकडच्यांची भर किरकोळ. तरी 25 जणांचा क्लास 17 जणांच्या क्लासवर निव्वळ संख्येने मात करू शकतो. म्हणून सरासरी रेटिंग शेजारी ठेवून वाचा. डिसेंबरच्या सुरुवातीच्या अर्ली सायनिंगआधी (पोरं लेखी सही करतात त्याआधी) तर क्रमांक बघूच नका. कमिट म्हणजे तोंडी शब्द, फ्लिप (दुसऱ्या टीमकडे वळणं) केव्हाही होतं.

कंपोझिट हे अनेक साइटींचं मिश्रण असतं, त्यामुळे एकाची लहर त्यात विरते. 2018 ला कंपोझिटमध्ये क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स पहिला, क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स दुसरा. ईएसपीएनकडे फील्ड्स पहिला. दोघांतलं अंतर इतकं बारीक की त्याला क्रम म्हणणं धाडसाचं.

आकडेमोड
वरचा क्लास हातून निसटतो कसा ते टेक्सस ए अँड एमचा 2022 चा क्लास दाखवतो. कंपोझिटच्या गुणांत तोवरचा सर्वोच्च. टीम त्या हंगामात 5-7, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये हेड कोच जिंबो फिशरला काढलं. त्या क्लासमधले बरेच जण पोर्टलमधून निघून गेले. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या क्लासचे स्टार मोजताना आज त्यातले कॅम्पसवर किती उरलेत ते आधी रोस्टरवर तपासा, आणि पोर्टलमधून आलेल्यांचा हिशेब वेगळा मांडा: त्यांचं हायस्कूलचं रेटिंग सोडून कॉलेजात किती स्नॅप (प्रत्यक्ष खेळलेल्या चाली) खेळले ते बघा.