दहावी, १७ नंबर फॉर्म: दीपगृहाच्या गणितात कोन कुठे धरायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी देवगडची. नववीनंतर शाळा सुटली, आता सतरा नंबरचा फॉर्म भरून कोकण मंडळातून दहावीला बसतेय. दिवस बागेत आणि घरात जातो, अभ्यास रात्री जेवणं आवरल्यावर. भूमितीत अडकलेय.

गणित असं: ६० मीटर उंच दीपगृहाच्या टोकावरून एक होडी ३० अंशांच्या अवनत कोनात दिसते. ती पायथ्यापासून किती दूर? मी उभी रेघ काढली, वरच्या टोकाला त्या रेघेला लागूनच ३० अंश लिहिले. टॅन ३० = अंतर ÷ ६०, म्हणून ३४.६४ मीटर. पुस्तकात १०३.९२. चार वेळा केलं, चारही वेळा तेच येतंय.

उन्नत कोन जमतो. अंगणातल्या माडाची उंचीसुद्धा काढली. दीड मीटरच्या काठीची सावली एक मीटर, त्याच वेळी माडाची आठ मीटर, म्हणजे माड १२ मीटर. मग वरून खाली बघताना काय बिघडतं?

आणखी दोन. अ(१, २) आणि ब(९, ६) यांना जोडणारा रेषाखंड अ कडून १ : ३ मध्ये विभागायचा. मला (७, ५) येतं, उत्तर (३, ३). आणि आंब्याची पेटी २० टक्के उतरवून २४०० रुपयांना दिली, तर मूळ भाव २८८० ना? पुस्तकात ३००० आहे.

प्रतिसाद १:
ताई, वर उभं राहिल्यावर नजर आधी समोर क्षितिजावर जाते. तिथून होडीकडे ती जितकी झुकते तो अवनत कोन. म्हणून टोकातून पाण्याला समांतर आडवी रेघ काढा आणि ३० अंश तिच्याखाली लिहा. व्युत्क्रम कोनामुळे होडीपाशीही ३०च. आता टॅन ३० = ६० ÷ अंतर. पडताळा सोपा आहे: ४५ अंशांना उंची आणि अंतर सारखं, कोन त्याहून लहान असेल तर अंतर उंचीपेक्षा जास्तच यायला हवं.
विभाजनात १ ने ब ला गुणायचं, ३ ने अ ला. (१×९ + ३×१) ÷ ४ = ३. तुमचा बिंदू ब जवळ गेला, तो अ जवळ हवा.

प्रतिसाद २:
२० टक्के मूळ भावाचे असतात, २४०० चे नाहीत. २४०० म्हणजे मूळ भावाचे ८० टक्के. २८८० मधून २० टक्के वजा करून बघा, २३०४ उरतात.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. आडवी रेघ काढली आणि १०३.९२ आलं! मग तीच होडी ६० अंशांवर आली की अंतर ३४.६४. म्हणजे मी ६० अंशांचं गणित सोडवत होते, बरोबर ना?