इमेजजे: दर फोटोला दोनदा ‘सेव्ह करायचं का?’ विचारतंय, कसं थांबवायचं?

शिरोलीकर
शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या लॅबमध्ये आहे. एसजी आयर्नचे (ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं ओतीव लोखंड) नमुने पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली 100 एक्सला फोटो काढायचे आणि इमेजजे या फोटोवरून मोजमाप करायच्या प्रोग्रॅममध्ये ग्रॅफाइटचे नोड्यूल, म्हणजे गोळे, मोजायचे, हे माझं काम. हीटला, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीला, एक नमुना, नमुन्याला 5 फोटो. परवा 8 हीट होत्या, म्हणजे 40 फोटो. एट-बिट (फोटो करड्या छटांत), थ्रेशोल्ड (किती गडद भाग नोड्यूल धरायचा ती मर्यादा), अॅनालाइझ पार्टिकल्स (मोजणी), इथपर्यंत झटक्यात होतं. पण फोटो बंद करताना ‘सेव्ह चेंजेस?’, आणि पुढच्याआधी रिझल्ट पुसायला गेलं की ‘सेव्ह 143 मेजरमेंट्स?’. दिवसात 80 वेळा तेच.

वैताग म्हणून सांगत नाही. गेल्या महिन्यात रात्रपाळीच्या पोराचा हात सवयीनं एंटर-एंटर पडला. पहिल्यानं सेव्ह, दुसऱ्यानं ‘रिप्लेस’. मूळ फोटोच्या टिफ फाइलवर काळा-पांढरा मास्क बसला. सकाळी नमुना शोधला, तर तो परत भट्टीत गेलेला. त्या हीटचा पुरावाच राहिला नाही, आणि ग्राहकाला उत्तर मला द्यावं लागलं. पोराला बोललो नाही, 60-70 वेळा विचारल्यावर कुणीही वाचायचं सोडतंच. प्रश्न बंद करायचं बटण कुठं आहे?

मॅक्रोवाला
भावा, सेटिंगमध्ये शोधू नकोस. हातानं काम केलं की इमेजजे विचारतं, मॅक्रोतून, म्हणजे कमांडच्या लिहून ठेवलेल्या यादीतून, बंद केलं की विचारत नाही. प्लगइन्स, मॅक्रोज, रेकॉर्ड चालू कर आणि एक फोटो नेहमीसारखा मोज. रेकॉर्डरमध्ये ओळी उमटतील. त्यातल्या फोटो उघडायच्या, बंद करायच्या आणि रिझल्ट पुसायच्या ओळी काढ. उरलेल्या प्रोसेस, बॅच, मॅक्रोमध्ये टाक. इनपुटला तुझं फोल्डर दे, आउटपुट रिकामं ठेव, म्हणजे फोटो सेव्हच होणार नाहीत. रिझल्ट मात्र एकाखाली एक साठत जातील. स्केल (पिक्सेलचं खऱ्या मापाशी प्रमाण) आधी ‘ग्लोबल’, म्हणजे सगळ्या फोटोंना लागू, टिक करून लाव.

उसाचं पान
दादा, मी उसाच्या पानांचं क्षेत्रफळ मोजते. माझे 25 स्कॅन एका स्टॅकमध्ये (एकत्र उघडणाऱ्या फोटोंच्या थप्पीत) असतात, त्यामुळे मला ‘प्रोसेस ऑल 25 इमेजेस?’ असं विचारायचं, खाली अनडू नाही म्हणून इशारा. मॅक्रोत त्या कमांडच्या पुढच्या अवतरणात ‘स्टॅक’ लिहिलं की तो प्रश्न जातो.

पण एक ऐकाच. मॅक्रोत सेव्ह-अॅज लिहिलंत, तर त्याच नावाच्या फाइलवर ते न विचारता लिहितं. हातानं निदान ‘रिप्लेस’ तरी विचारतं, इथं तेही नाही. तुमच्या पोरानं एक फोटो घालवला, मॅक्रो 40 घालवेल. मूळ फोल्डर रीड-ओन्ली करा, मगच मॅक्रो चालवा.

शिरोलीकर
दोघांचेही आभार. मूळ फोटो आधी दुसऱ्या ड्राइव्हवर टाकले, रीड-ओन्ली केले, मग मॅक्रो लावला. 40 फोटो झाले, एकदाही विचारलं नाही. पहिल्या खेपेला कुठली ओळ कुठल्या हीटची ते कळेना. सेट मेजरमेंट्समध्ये ‘डिस्प्ले लेबल’ टिक केल्यावर प्रत्येक ओळीपुढं फाइलचं नाव आलं. तिथंच ‘शेप डिस्क्रिप्टर्स’ही टिक केलंय, गोलाईचा आकडा लगेच मिळतो. थ्रेशोल्डची ओळ मात्र तपासा: रेकॉर्डरनं माझ्या पहिल्या फोटोचेच आकडे धरले होते, आणि दिवा मंद असलेल्या दोन हीटमध्ये पार्श्वभूमीच नोड्यूल म्हणून मोजली गेली. त्या दोन परत हातानं करतोय.