दार न उघडणं हेही उत्तरच आहे

पैलतीर

कुणाच्या दारावर गेलं की बेल एकदा वाजवावी, दोन पावलं मागे सरकावं, आतल्या माणसाला दारापर्यंत यायला सवड द्यावी आणि दार उघडलं नाही तर गुपचूप परत फिरावं. माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यावर मी ठाम आहे. आत दिवा दिसतोय, टीव्हीचा आवाज येतोय, म्हणून दार उघडलंच पाहिजे असा बाहेरच्याचा काही हक्क लागत नाही.

होतं काय, की पहिली बेल विरते न विरते तोच दुसरी, मग तिसरी, मग दारावर थापा. आतला माणूस आंघोळीला गेला असेल, मोठ्या मुश्किलीने बाळाला झोपवलं असेल, रात्रपाळी करून नुकता आडवा झाला असेल. किंवा त्याला आत्ता कुणाशी बोलायचं नसेल. हे शेवटचं कारणही मला बाकीच्यांइतकंच सबळ वाटतं.

उभं कुठे राहायचं, हा विचार तर फारच थोडे लोक करतात. पीपहोलच्या भिंगातून दोन-तीन पावलांवरचा माणूस नीट दिसतो. तोच दाराला खेटून उभा असला की दिसतं नुसतं फुगलेलं कपाळ. बाजूच्या भिंतीला टेकून उभा असला तर खांदा दिसतो, चेहरा नाही. घरात एकटी बाई असेल तर तिने कशाच्या भरवशावर कडी काढायची? मागे सरकावं, चेहरा उजेडात ठेवावा आणि कुणी विचारायच्या आधी नाव आणि काम सांगावं. आतून 'कोण?' विचारल्यावर बाहेरून 'मी!' म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आणि दार उघडलं तर उघडणाऱ्याशी बोलावं, त्याच्या खांद्यावरून घरात नजर फिरवू नये.

ही तक्रार आजची नाही. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात ग्रीन रिव्हर नावाचं रेल्वेचं गाव आहे. तिथे रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगारांची झोप दारोदार फिरणारे विक्रेते मोडायचे. १९३१ साली गावाने नियमच केला, की घरातल्यांनी बोलावल्याशिवाय कुणी विक्रीसाठी दारावर यायचं नाही. फुलर ब्रश ही दारोदार ब्रश विकणारी मोठी कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि १९३३ साली अपिलात हरली. झोपलेल्या माणसाची बाजू घेणारे लोक तेव्हाही होते.

ओसरी

पूर्ण असहमत.

रात्रपाळीचा दाखला दिलात, तर दुसरी बाजूही मांडायला हवी. ओहायो राज्यातल्या स्ट्रदर्स गावात पोलाद कारखान्यांचे कामगार राहायचे. तिथेही असाच नियम होता, की पत्रकं वाटण्यासाठी कुणी बेल वाजवू नये, दार ठोठावू नये. कारण तेच, दिवसा झोपणारे कामगार. एका बाईंनी धार्मिक सभेची पत्रकं घरोघर दिली म्हणून त्यांना दंड झाला. १९४३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. दारात आलेल्याचं ऐकायचं की नाही हे त्या त्या घराने ठरवावं, सगळ्या गावाच्या वतीने नगरपालिकेने नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. ज्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नाही त्यांच्यासाठी दारोदार जाणं हाच लोकांपर्यंत पोचायचा मार्ग असतो, हेही त्या निकालात आहे.

पण कायदा बाजूला ठेवू. तुम्ही सगळी जबाबदारी बाहेरच्यावर टाकलीत. बाहेर उभं राहून बघा. बेल आत वाजली की नाही हेच कळत नाही. बटण दाबलं तरी आवाज नाही. बॅटरी संपली असेल, वायर सुटली असेल. तेवढ्यात पीपहोलमधला उजेडाचा ठिपका काळा होतो. म्हणजे आत कुणीतरी आलंय, भिंगाला डोळा लावून माझ्याकडे बघतंय. मग तो ठिपका परत उजळतो, पावलं लांब जातात आणि दार बंदच. हा अपमान आहे. आतून 'आत्ता जमणार नाही' एवढं म्हणायला काय लागतं?

आणि ते सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरं. घरफोडी करणारे आधी बेल वाजवूनच घर रिकामं आहे का ते बघतात. आपण श्वास रोखून गप्प बसलो तर त्यांना हवं तेच उत्तर मिळतं.

डबलशिफ्ट

मी पार्सल पोचवायचं काम करतो. मूळ लेखातलं मागे सरकून उभं राहणं एकदम मान्य. २०२० च्या साथीत आम्हाला तेच शिकवलं होतं, की पार्सल ठेवा, बेल वाजवा, लांब उभे राहा. माझी ती सवय अजून टिकून आहे आणि त्यामुळे लोक दार लवकर उघडतात, हा अनुभव आहे.

पण 'सवड द्यावी' म्हणता तेव्हा आमचा विचार करा. एका हाताने छातीशी धरलेलं खोकं, दुसऱ्या हातात फोन, फोनवर पुढचा पत्ता आधीच आलेला. दार उघडलं नाही तर मला 'ग्राहक घरी नव्हते' अशी नोंद करून जावं लागतं, आणि मग तेच ग्राहक तक्रार करतात की बेल वाजलीच नाही, मी घरातच होतो. तुमचं दार न उघडणं हे तुमचं उत्तर असेल, त्याचा हिशोब मात्र माझ्या नावावर लागतो. काही मागवलं असेल त्या दिवशी तरी बेलकडे कान ठेवा.

आणि घराचा क्रमांक दिसेल असा लावा हो. अर्ध्या चुकीच्या बेला त्यामुळे वाजतात.

कोरांटी

मी घरी वृद्ध व्यक्तीची देखभाल करते, म्हणून दोन गोष्टी सांगते. पहिली पैलतीर यांच्या बाजूची आहे, दुसरी त्यांच्या विरुद्ध.

वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला बेल ऐकल्यावर आधी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठावं लागतं. मग वॉकर जवळ ओढायचा, तोल सावरायचा, वळायचं. दारापर्यंतचं अंतर चार पावलांचं असलं तरी एवढ्यात मिनिट सहज जातं. नेमक्या त्याच वेळी दुसरी बेल वाजली की ते घाई करतात. 'आले, आले' म्हणत वॉकर पुढे टाकतात आणि पाय मागे राहतो. पडतात ते अशाच वेळी. त्यामुळे लागोपाठ बेल वाजवणं मला नुसतं असभ्य वाटत नाही, धोक्याचं वाटतं.

दुसरी गोष्ट. 'एकदाच वाजवावी' हा नियम ऐकू कमी येणाऱ्यांवर अन्याय करतो. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि आजकालच्या इलेक्ट्रॉनिक बेला नेमक्या तशा किणकिणतात. दारावर मुठीने केलेल्या ठकठकीचा आवाज खर्जातला असतो, तो त्यांना कळतो. म्हणून बेल वाजवा, चांगलं मिनिटभर थांबा, मग दारावर दोनदा ठोका. आमच्याकडे बेलबरोबर दिवा उघडझाप करणारं उपकरण लावलं आहे. पण ते सगळ्यांकडे नसतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही.

पैलतीर

कोरांटीताई, मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा ठोकायला माझी काहीच हरकत नाही. अट एकच, की दुसऱ्यांदा ठोकणं हे 'ऐकू आलं नसेल' म्हणून असावं, 'उघडत कसे नाहीत बघतो' म्हणून नव्हे. आत बसलेल्याला हा फरक आवाजावरून बरोबर कळतो.

ओसरी, तुम्ही १९४३ चा निकाल आणलात, तो माझ्याच बाजूचा आहे. घराने ठरवायचं, हेच तर मी म्हणतोय! त्याच न्यायालयाचा २०१३ चा एक निकाल बघा. फ्लोरिडात पोलिसांनी अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा एका घराच्या दारापर्यंत नेला होता. न्यायालयाने विचारलं, की दारावर येण्याची मूक परवानगी सगळ्यांना असते ती नेमकी कशाची? उत्तर असं, की समोरच्या वाटेने यावं, दार ठोठावावं, थोडा वेळ थांबावं आणि आणखी थांबायला सांगितलं नाही तर निघून जावं. अमुक इतकीच परवानगी. कुत्रा घेऊन हुंगत फिरायची नाही. निघून जाणं हा त्या परवानगीचाच भाग आहे.

आतून आवाज द्यावा हे मोठ्यांच्या बाबतीत ठीक. घरात एकटं मूल असेल तर त्याने अनोळखी माणसाला उत्तर द्यायचं की नाही हे त्या घराने ठरवू द्या, बाहेरच्याच्या मानापमानाने नाही.

ओसरी

मुलाचं मान्य. बाकीचं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा आहेत. एकदा सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. तुमच्या नियमाप्रमाणे मी उतरून यायला हवं होतं. मी ठोठावत राहिले, नावाने हाका मारल्या, शेवटी दाराच्या फटीला कान लावला तेव्हा आतून कण्हल्यासारखा आवाज आला. पडले होते, हलता येत नव्हतं. किल्ली असलेल्या नातेवाइकांना बोलावून दार उघडलं. आता सांगा, न उघडलेलं दार हे उत्तर होतं का?

तुम्ही दारावर येणाऱ्या प्रत्येकाकडे उपद्रव म्हणून बघता, तिथे माझं तुमच्याशी बिनसतं. फोन करून या, वेळ ठरवून या, दिसलात तर कॅमेऱ्यात या. नमस्कार म्हणायच्या आधी माझं चित्रीकरण सुरू झालेलं असतं! एका शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यांबद्दल ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात दावा गेला होता, त्यात दारावरची कॅमेरावाली बेलही होती. २०२१ साली निकाल लागला. ती उपकरणं घराच्या हद्दीपलीकडचं बोलणंही टिपत होती, आणि तो माहिती संरक्षण कायद्याचा भंग ठरला. सभ्यपणा आत राहणाऱ्यालाही लागू होतो, एवढंच मला म्हणायचंय.

पैलतीर

आजोबांच्या दारावर तुम्ही जे केलंत ते योग्यच होतं. पण तुम्ही त्यांना ओळखत होतात. ते सकाळी उठलेले असतात, दार उघडतात, हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून बंद दार तुम्हाला खटकलं. देणगी मागायला पहिल्यांदाच आलेल्या माणसाला ती मुभा कशी देणार? ओळख जितकी जास्त तितका ठोठावण्याचा अधिकार जास्त. माझा सगळा राग अनोळखी माणसाच्या आग्रहावर आहे.

कॅमेऱ्याबद्दल तुमच्याशी सहमत. लावला असेल तर तशी सूचना दारावर दिसली पाहिजे, आणि त्याचं तोंड आपल्याच उंबऱ्याकडे असावं.

ज्यांना विक्रेते, प्रचारक नको असतील त्यांनी सरळ पाटी लावावी, आणि ती वाचून जो बेल वाजवेल त्याला सभ्य म्हणायचं कारण नाही.

ओसरी

पाटी लावा की. पण 'बेल वाजवू नये' एवढीच पाटी मी विक्रेता नसतानाही मला परत पाठवते. अडलेली शेजारीणही ती वाचून मागे फिरते. कुणी येऊ नये आणि कुणी यावं, दोन्ही लिहा.

डबलशिफ्ट

पाट्यांचं मी सांगतो, रोज वाचतो. नुसतं 'डिस्टर्ब करू नका' लिहिलेलं असतं तिथे काय करायचं हे कळत नाही, खोकं तर द्यायचंच असतं. 'बाळ झोपलं आहे, बेल नको, हळू ठोका, पार्सल खुर्चीवर ठेवा' असं लिहिलेलं असलं की तसंच करतो आणि पुढे जातो. एका दारावर तर 'ऐकू कमी येतं, जोरात ठोका, यायला वेळ लागेल' असं मोठ्या अक्षरात आहे. तिथे मी थांबतो. फोनवर पुढचा पत्ता आलेला असला तरी.