ट्रोपोइलास्टिनवर एवढी भिस्त कशासाठी?

तटस्थ_नाही (धागा)

इलास्टिनचा विषय निघाला की हल्ली एकच सूर ऐकू येतो. हा ताणला जाणारा तंतू शरीर मुख्यतः जन्माआधी आणि बालपणी बनवतं, नंतर जवळपास हात आखडता घेतं. तेव्हा त्याचं विरघळणारं पूर्वप्रथिन, म्हणजे ट्रोपोइलास्टिन, प्रयोगशाळेत तयार करा, जखमेत घाला, लवचीकपणा परत येईल.

मला हे पटत नाही. ट्रोपोइलास्टिन हा नुसता कच्चा माल आहे आणि खरी अडचण कच्च्या मालाची नाही, बांधकामाची आहे. पेशीतून बाहेर पडलेले रेणू शरीराच्या तापमानाला एकमेकांना चिकटून थेंब धरतात, इथवर ठीक. पण पुढे फिब्रिलिन या दुसऱ्या प्रथिनाच्या सूक्ष्मतंतूंचा सांगाडा लागतो, रेणू त्यावर नेऊन बसवणारी फिब्युलिन-४ आणि फिब्युलिन-५ ही प्रथिनं लागतात आणि शेवटी लायसिल ऑक्सिडेज हे तांब्यावर चालणारं विकर (एन्झाइम) लागतं. ते रेणूतल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या बाजूच्या साखळ्या बदलतं, मग चार लायसिन मिळून डेस्मोसिनची गाठ पडते. ही गाठ पडली नाही तर ताणलेलं परत जागेवर येणार कसं?

साठच्या दशकातलं उदाहरण घ्या. तांबं न मिळालेल्या डुकरांच्या महाधमन्या फुटायच्या. १९६८ मध्ये अशाच डुकरांच्या महाधमनीतून विरघळणारं इलास्टिन पहिल्यांदा वेगळं काढता आलं. माल होता, जोडणी नव्हती, म्हणून तर तो हाती लागला!

व्रणपंडित

डुकरांचं उदाहरण चोख आहे, पण निष्कर्ष घाईचा. ट्रोपोइलास्टिनला नुसता कच्चा माल म्हणणंच मुळात चूक.

१९९८ मध्ये इलास्टिनचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. तुमच्या हिशेबाने त्यांच्या धमन्या ढिल्या पडून फुटायला हव्या होत्या. झालं भलतंच. भिंतीतल्या स्नायूपेशी बेसुमार वाढल्या, आतली पोकळी बुजली आणि पिल्लं जन्मल्यावर काही दिवसांत गेली. म्हणजे हे प्रथिन पेशींना 'आता थांबा' असंही सांगतं. जखमेत घातलेल्या ट्रोपोइलास्टिनने एकही तंतू बांधला नाही, तरी पेशींचं वागणं बदललं तर ते दुरुस्तीचंच काम झालं.

आणि मालाची अडचण नाही म्हणता, तर विल्यम्स सिंड्रोमचं काय? त्यात सातव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळतो, त्याबरोबर इलास्टिनच्या जनुकाची एक प्रत जाते. दुसरी शाबूत असते. तरी महाधमनी हृदयाच्या झडपेच्या वर अरुंद होते. सांगाडा आहे, विकर आहे, फिब्युलिन आहे, फक्त माल निम्मा.

तटस्थ_नाही

विल्यम्सचा मुद्दा मान्य, पण तो गर्भातल्या बांधकामाचा आहे. तिथे बाकीचे सगळे कारागीर हजर असतात. मी प्रौढ शरीरातल्या दुरुस्तीबद्दल बोलतोय.

उलट बाजू बघा. फिब्युलिन-५ नसलेल्या उंदरांवरचे दोन शोधनिबंध २००२ मध्ये आले. इलास्टिनचं जनुक धडधाकट, तरी कातडी लोंबते, फुप्फुसाचे फुगे फाटल्यासारखे मोठे होतात, महाधमनी नागमोडी होते. माणसातही फिब्युलिन-५ च्या दोषाने क्युटिस लॅक्सा होतो, त्वचा अंगाला सैल कपड्यासारखी होते. असल्या ऊतीत ट्रोपोइलास्टिन ओतून काय होणार?

सहज_विचारलं

मग इलास्टिनच्या क्रीमा?

व्रणपंडित

त्या बाबतीत धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. ट्रोपोइलास्टिनचा रेणू साधारण ६० ते ७० हजार डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), आणि धड त्वचेतून सहसा ५०० डाल्टनच्या आसपासचेच रेणू आत शिरतात. वरून चोपडून ओलावा टिकेल, बाकी काही नाही.

फुप्फुसवाली

दोघंही बांधकामावरच भांडताय, पाडकामाचं कोण बोलणार? १९९१ च्या एका अभ्यासात माणसाच्या फुप्फुसातल्या इलास्टिनमधल्या कार्बनचा सरासरी मुक्काम ७४ वर्षं निघाला. एवढं चिवट प्रथिन आपणहून झिजत नाही, ते कापलं जातं. कापणारं विकर म्हणजे इलास्टेज. त्याला आवरणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन कमी असलेल्यांत पांढऱ्या पेशींचं इलास्टेज मोकाट सुटतं आणि एम्फिसीमा होतो, म्हणजे फुप्फुसाचे फुगे फाटत जातात. धूम्रपानातही इलास्टेजचं पारडं असंच जड होतं. शिवाय तुटलेले तुकडे निरुपद्रवी नसतात, ते आणखी दाहपेशींना बोलावून घेतात. त्यामुळे दाह चालू असलेल्या जागी नवं ट्रोपोइलास्टिन घालणं म्हणजे कापणाऱ्याला आणखी खाद्य पुरवणं. आधी इलास्टेज आवरा.

व्रणपंडित

तुमचा इशारा योग्य आहे, पण त्यावरून दार बंद करू नका. २०१७ मध्ये प्रकाशाने घट्ट होणारा ट्रोपोइलास्टिनचा लेप आला. डुकरांच्या फुप्फुसातली गळती त्याने बंद झाली आणि श्वासाबरोबर तो ताणलाही गेला. २०२३ मध्ये हृदयविकाराचा झटका दिलेल्या उंदरांच्या हृदयभिंतीत सोनोग्राफीच्या आधाराने ट्रोपोइलास्टिन टोचलं. हृदयाचं काम सुधारलं, व्रण लहान राहिला, त्यात इलास्टिनही जास्त आढळलं. आणि झटक्यानंतरच्या हृदयात दाह नसतो असं कोण म्हणेल?

तटस्थ_नाही

लेप म्हणजे चिकटवणी, ती वेगळी गोष्ट. तिथे प्रकाशाने जोडणी केली, शरीराने नाही. उंदराच्या हृदयाचा निकाल मात्र मी गंभीरपणे घेतो. तरी 'इलास्टिन जास्त आढळलं' यावर मी समाधानी नाही. सूक्ष्मदर्शकाखाली इलास्टिनचा रंग घेतलेला प्रत्येक पट्टा काम करणारा तंतू नसतो. उन्हाने जून झालेल्या त्वचेत इलास्टिनचा नुसता ढीग साचलेला असतो आणि ती त्वचा ढिलीच असते. डेस्मोसिन मोजून दाखवा, मग बोलू.

फुप्फुसवाली

डेस्मोसिनने गाठी पडल्या एवढंच कळेल, तंतू योग्य दिशेने बसलेत की गुंता झालाय ते नाही. ऊतीचा तुकडा ताणा, सोडा आणि परत येताना किती ऊर्जा वाया गेली ते मोजा. निदान फुप्फुसाच्या बाबतीत मी तरी दुसरा कुठला पुरावा मानणार नाही.