विंच लाँचला पंख खाली जायला लागला तर रिलीज नेमका कधी ओढायचा?

घारपिल्लू:
मी इंग्लंडमध्ये असतो, मागच्या उन्हाळ्यापासून ग्लायडिंग (बिनइंजिनाचं विमान उडवणं) शिकतोय. शनिवारी के-२१ (दोन सीटचं ग्लायडर) मध्ये विंच लाँचला, म्हणजे जमिनीवरच्या विंचने केबलने ओढून वर नेतात तेव्हा, बाजूचा वारा होता, धरणाऱ्याने विंगटिप (पंखाचं टोक) सोडली आणि डावा पंख लगेच खाली जायला लागला. मी स्टिक पूर्ण उजवीकडे नेली, उजवा रडर दिला, वाटलं येईल वर, तेवढ्यात मागच्या सीटवरून इन्स्ट्रक्टरनी रिलीज (केबल सोडायचा नॉब) ओढला. पंख गवताला टेकलाही नव्हता! वर मलाच म्हणाले की तू उशीर केलास. खरंच एवढी घाई लागते का?

हडपसरचा_जुना:
लागते भाऊ. मी पुण्यात हडपसरला विंचवरच शिकलो, आमच्याही डोक्यात हेच बसवलं होतं. सुरुवातीला स्पीडच नसतो त्यामुळे एलेरॉनमध्ये (स्टिकने हलणाऱ्या, पंख वर-खाली करणाऱ्या पट्ट्यांमध्ये) दम नसतो, पूर्ण स्टिक देऊनही पंख हलत नाही, आणि विंच मात्र तीन-चार सेकंदांत तुम्हाला उडायच्या स्पीडला नेतो. के-२१ चा स्पॅन १७ मीटर, त्याचं टोक गवतात अडकलं की नाक त्या बाजूला वळतं, वरचा पंख जास्त वेगाने फिरतो, त्याची लिफ्ट वाढते, ग्लायडर अजून कलतो आणि केबल तर ओढतच असते. मग सरळ कार्टव्हील, पंखाच्या टोकावर कोलांटी. तेव्हा नॉब शोधायला वेळ नसतो. वीक लिंक (जास्त ताण आला की तुटणारा केबलमधला तुकडा) तुटेल या भरवशावर तर अजिबात राहू नका, पंख टेकला म्हणून ती तुटत नाही.

विंगटिपवाली:
मी पण यूकेतच उडते. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने २००५ मध्ये सेफ विंच लाँचची मोहीम सुरू केली, त्यातला पहिला नियमच हा की डावा हात रिलीजवर ठेवून लाँच सुरू करायचा आणि पंख लेव्हल ठेवता येत नसतील तर तो जमिनीला लागायच्या आत सोडायचं. पंख धरणाऱ्यावरही खूप अवलंबून आहे हं, काही जण नकळत टिप मागे ओढून धरतात आणि ग्लायडर सुरुवातीलाच वाकडं निघतं. मी हलकं धरून सोबत पळते, ढकलत नाही की अडवत नाही. आणि गवत वाढलं असेल तर आधी कापून घ्या म्हणून मागे लागा, मी लागते, लोक वैतागले तरी चालेल.

घारपिल्लू:
आत्ता लक्षात आलं, माझा हात नॉबच्या जवळ होता, नॉबवर नव्हता. आणि खरं सांगायचं तर लाँच वाया जाईल, रांगेत परत मागे जावं लागेल, हेही मनात होतंच.

हडपसरचा_जुना:
ते सगळ्यांच्या मनात असतं. म्हणून निर्णय कॅनॉपी (कॉकपिटचं झाकण) लावतानाच करून टाकायचा, मी दर वेळी मोठ्याने बोलतो, "पंख सावरला नाही तर सोडणार". पुढच्या शनिवारी बोलून बघा आणि इन्स्ट्रक्टरना सांगा की केबल जोडायच्या आधी माझा हात कुठे आहे ते बघा.